पहिल्या नोकरीचा अर्ज

नांदेडहून नरसी-देगलूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नायगाव आहे. सकाळच्या वेळी तेथल्या एस.टी. थांब्यावर उभे राहा. हातात वह्यांची पिशवी आणि पिशवीत घडी केलेला गणवेश घेतलेल्या दोन-चार मुली, आणि त्यांच्याबरोबर एखाद-दुसरा मुलगाही, तुम्हांला दिसेल. कोणी दोन वर्षांचा ए.एन.एम.चा अभ्यासक्रम करीत आहे, कोणी तीन वर्षांचा जी.एन.एम.चा, कोणी औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेत आहे, तर कोणी प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासायला शिकत आहे. यांच्या फीसाठी घरच्यांनी सोयाबीन भाव येण्याआधीच विकलेले असते. एखाद्या घरी दावणीचे जनावरही गेलेले असते. अभ्यास संपतो, निकाल लागतो, पेढे वाटून होतात. आणि मग घरात एक अवघड प्रश्न येऊन बसतो. नोकरी कोण देणार? आणि देणाऱ्याच्या दारी जायचे, ते काय घेऊन जायचे?

त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आज मी बोलणार आहे. कारण पहिला प्रश्न आपल्या हाती थोडाच असतो. दुसरा मात्र पुष्कळसा आपल्याच हाती आहे.

घेऊन जायचा तो कागद, त्याला हल्ली सगळेच 'बायोडाटा' म्हणतात. हा शब्द आपल्या खेड्यांना नवा नाही. लग्नाच्या निमित्ताने तो घरोघर जाऊन आला आहे. वर गणपतीचे चित्र, खाली नाव, उंची, वर्ण, रास, कुळ, मामाचे गाव, वडिलांची शेती किती एकर, तीत बागायत किती. आणि शेवटी 'स्वभाव मनमिळाऊ'. सोयरिकीच्या कामाला तो कागद ठीक आहे. पण गंमत अशी, की नोकरीच्या अर्जालाही पुष्कळदा तोच कागद जोडला जातो. आता तुम्हीच सांगा, रुग्णालयाच्या मेट्रनबाईंना तुमच्या मामाच्या गावाचे काय करायचे आहे? त्यांना सून करून न्यायची नाही. अतिदक्षता विभागात रात्री कोणाला उभे करावे, एवढेच त्यांना ठरवायचे आहे.

दुसरा प्रकार याहून सोपा, आणि म्हणूनच अधिक फसवा. निजामाच्या राज्यात आपल्या भागातला सरकारी कारभार उर्दूतून चाले. ज्याला उर्दू येत नसे, तो कचेरीबाहेर बसलेल्या अर्जनविसाकडे जाई. अर्जनवीस चार पैसे घेई आणि ठरलेल्या शब्दांत अर्ज लिहून देई. दहा माणसांचे दहा अर्ज, पण मजकूर एक. १९४८ साली ते राज्य गेले; अर्जनवीस मात्र गेला नाही. आज तो झेरॉक्सच्या दुकानात संगणकापुढे बसला आहे. आपण नाव आणि गाव सांगायचे, तो आधीच्या मुलीचे नाव खोडून आपले घालतो आणि कागद काढून देतो. त्यात लिहिलेले असते, की ही मुलगी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, तिला वाचनाची आणि संगीताची आवड आहे. असे पन्नास कागद मेट्रनबाईंच्या टेबलावर येतात. पन्नासही मुली मेहनती, पन्नासांनाही संगीताची आवड! बाईंनी निवडावी तरी कोणती?

मग चांगला अर्ज म्हणायचा कशाला? आपल्याच महाराष्ट्रातले एक जुने उदाहरण सांगतो. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोचल्या. वय अठरा वर्षांचे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी पत्र लिहिले. ते पत्र नोकरीचे नव्हते, शिक्षणाचे होते. पण अर्जाचा तो धडाच आहे. आपण कोण, काय शिकलो, आपली परिस्थिती कशी, हे त्यांनी सरळ सांगितले. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करीत नाही, हेही लपवले नाही. आणि आपल्याला हे शिक्षण कशासाठी हवे, ते नेमके मांडले: पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी. पत्राला प्रवेश मिळाला. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई एम.डी. झाल्या, आणि कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. ही त्यांची पहिली नोकरी. ती त्यांच्या हातून व्हायची नव्हती. क्षयाने त्यांना गाठले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

ते पत्र ध्यानात ठेवा. जे आहे ते आहे म्हणायचे, जे नाही ते नाही म्हणायचे, आणि हेतू थोडक्यात सांगायचा. आपल्या नायगावच्या मुलीने याहून वेगळे काही करायचे नाही.

आता कामाकडे वळू. कागद लिहायच्या आधी एक पायरी आहे, ती म्हणजे नोंदणी. परिचारिकेची परीक्षा पास झाली म्हणजे सारे झाले, अशी समजूत आहे. ती खरी नव्हे. मुंबईला महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे. तिच्या नोंदवहीत नाव चढले, नोंदणी क्रमांक मिळाला, म्हणजे तुम्ही कायद्याच्या दृष्टीने परिचारिका झालात. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. नायगाव, बिलोली, देगलूर हा आपला भाग दोन राज्यांच्या शेजारचा. आपली कितीतरी मुले कर्नाटकात नाही तर तेलंगणात शिकतात. त्यांनी तिथल्या परिषदेत नोंदणी करावी आणि मग तिच्या पत्रावरून महाराष्ट्रात नोंदणी करून घ्यावी. त्याला वेळ लागतो. म्हणून निकालाच्या पेढ्यांबरोबरच ते काम सुरू करावे.

आणि पालकांना येथेच एक सांगतो. सहा महिन्यांत 'नर्सिंग' शिकवणाऱ्या पाट्या गावोगाव लागलेल्या असतात. फी भरण्याआधी एवढेच विचारा: या शिक्षणानंतर परिचर्या परिषदेत नोंदणी होते का? कोणत्या वर्षाच्या मुलांची झाली? नोंदणीचा कागद दाखवा. उत्तर देताना समोरचा माणूस इकडे-तिकडे पाहू लागला, तर पैसे खिशातच राहू द्या.

आता तो कागद. एक पान पुरे, फार तर दोन. भाषा मराठी चालेल तिथे मराठी, इंग्रजी लागेल तिथे साधी इंग्रजी. पण जे लिहाल ते स्वतःला वाचून समजले पाहिजे. सर्वांत वर नाव. नोंदणीच्या प्रमाणपत्रावर जसे आहे, तसेच, अक्षर न् अक्षर. खाली गाव, तालुका, जिल्हा. मग दूरध्वनीचा क्रमांक. क्रमांक असा द्या, की जो वाजला तर उचलला जाईल. पुष्कळ मुली भावाचा क्रमांक देतात. भाऊ रानात, फोन घरी चार्जिंगला, आणि मुलाखतीचे बोलावणे तसेच वाजून वाजून बंद पडते.

त्यानंतर नोंदणी क्रमांक आणि तो कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे, ते. मग शिक्षण: संस्था कोणती, वर्ष कोणते, आणि प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकलात. हे शेवटचे बहुतेकजण विसरतात. खरे तर वाचणाऱ्याची नजर तिथेच थांबते. कारण शंभर खाटांच्या रुग्णालयात काम शिकलेली मुलगी वेगळी आणि दहा खाटांच्या ठिकाणी शिकलेली वेगळी. दोघींनाही काम मिळेल, पण निरनिराळे.

आता या कागदाचे पोट. आपण हातांनी काय केले, ते इथे लिहायचे. शिकत असताना प्रत्येकीला केसबुक भरावे लागते. ती वही जपून ठेवा. बायोडाटा त्या वहीतून काढायचा आहे. कोणत्या वॉर्डात किती आठवडे काम केले. शिक्षिकेच्या देखरेखीखाली किती प्रसूती केल्या, किती नुसत्या पाहिल्या. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर काय काम केले. सलाइन लावणे, नाकातून नळी घालणे, जखमेची मलमपट्टी, नवजात बाळाचे वजन आणि तापमान घेणे, यांपैकी कोणते काम आपण आता एकटीने करू शकतो आणि कोणते अजून कोणी शेजारी असताना करतो. 'रुग्णसेवेची आवड आहे' हे वाक्य कोणीही लिहील. 'प्रसूती कक्षात आठ आठवडे. बारा प्रसूती देखरेखीखाली केल्या, वीस पाहिल्या' हे वाक्य जिने केले तीच लिहू शकते.

इथे मोह होतो, तो सांगतो. मैत्रीण म्हणते, 'अगं, बाराचे पन्नास कर. कोण पाहायला येतंय?' झेरॉक्सवाला म्हणतो, 'ताई, एक वर्षाचा अनुभव टाकून देऊ का? सगळेच टाकतात.' श्रोतेहो, हा आकडा कोणी वाचतो आणि त्याच्यावर विसंबून काहीतरी ठरवतो. समजा, बरबड्याच्या एका मुलीने पन्नास लिहिले. मेट्रनबाईंनी ते वाचले आणि म्हणाल्या, 'हिला पुष्कळ येतंय, हिला रात्रपाळीला एकटी ठेवू.' रात्री दोन वाजले. पहिलटकरीण अडली आहे. डॉक्टरांना यायला अर्धा तास आहे. मुलीला घाम फुटला. आता ती कोणाला सांगणार, की पन्नास नाहीत हो, बाराच आहेत? कागदावरचा आकडा खोटा असला, तरी खाटेवरची बाई खरी असते.

तिनेच बारा लिहिले असते, तर काय झाले असते? नोकरी कदाचित तीच मिळाली असती. मेट्रनबाईंनी दोन महिने तिला अनुभवी सिस्टरच्या हाताखाली दिवसपाळीला ठेवले असते आणि मग रात्रपाळी दिली असती. म्हणजे अर्ज हा नुसता दार उघडायचा कागद नाही, बरं का. आत गेल्यावर आपल्यावर काय सोपवायचे, हेही त्याच कागदावरून ठरते. 'कृत्रिम श्वासाच्या यंत्रावरचा रुग्ण पाहिला आहे, स्वतंत्रपणे सांभाळलेला नाही' असे एक वाक्य लिहायला लाजू नका. ते वाचून जाणत्या माणसाचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो. कारण जे नाही ते जिने सांगितले, तिने जे आहे म्हटले तेही खरे असणार.

यानंतर भाषा लिहा. आपल्या भागातल्या मुलांना ही देणगी आहे आणि तिची किंमत त्यांना ठाऊक नसते. देगलूर-बिलोलीच्या बाजूला तेलुगू, काही गावांत कन्नड, तांड्यावर गोरमाटी, शहरात दखनी. घरात मराठी आणि कामापुरती हिंदी. 'तेलुगू बोलता येते' हे तीन शब्द हैदराबादच्या किंवा नांदेडच्या रुग्णालयात फार कामाचे आहेत. म्हाताऱ्या माणसाला कुठे दुखते ते त्याच्या भाषेत विचारता आले, म्हणजे निम्मे काम झाले. शेवटी दोन नावे, तुमचे काम पाहिलेल्यांची: एक शिक्षिका, एक वॉर्डातल्या सिस्टर. नाव देण्यापूर्वी त्यांना विचारा. पुढाऱ्याची चिठ्ठी त्या जागी नको. पुढाऱ्याने तुम्हांला सलाइन लावताना पाहिलेले नसते.

वजन, वर्ण, रास, कुळ, छंद, वडिलांची शेती, हे सारे गाळा. कागद आपोआप एका पानात बसेल.

त्याच्यावर जोडायचा अर्ज चार-पाच वाक्यांचा असावा. कोणत्या जागेसाठी अर्ज करीत आहे. नोंदणी झाली आहे. अमुक कामाचा सराव आहे. अमुक तारखेपासून येऊ शकते. रात्रपाळी करण्याची तयारी आहे की नाही. संपले. 'आपली कृपादृष्टी असावी' असल्या वाक्यांची गरज नाही. तुम्ही काम मागत आहात, भिक्षा नव्हे.

हा कागद न्यायचा कुठे? सरकारी वाट सर्वांना हवी असते. गावपातळीवर उपकेंद्र असते, सपाट प्रदेशात साधारण पाच हजार लोकवस्तीला एक. त्याच्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, तीस हजार वस्तीला एक. त्याच्यावर ग्रामीण रुग्णालय. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेची जागा जिल्हा परिषदेची. तिची भरती रोज निघत नाही. निघते तेव्हा अर्ज संगणकावरूनच करायचा असतो. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून, म्हणजे आजच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, कंत्राटी जागा अधूनमधून निघतात. जाहिरात जिल्हा परिषदेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा वर्तमानपत्रात पाहावी. फोनवर फिरत आलेल्या जाहिरातीवर भरवसा ठेवून गाडीभाडे खर्चू नये.

पण सरकारी भरतीची वाट पाहत दोन वर्षे घरी बसणे मात्र बरे नाही. हात गंजतात. जी मुलगी दोन वर्षांपूर्वी शीर अचूक धरीत होती, तिचा हात आता थरथरतो. म्हणून तोवर खासगी रुग्णालयात काम धरा. नांदेडची डॉक्टर लेन आहे, लातूरची रुग्णालये आहेत. तेथे स्वतः जाऊन कागद द्यावा. सकाळच्या बाह्यरुग्णांच्या गर्दीत जाऊ नये; दुपारी, गर्दी ओसरल्यावर जावे आणि मेट्रनबाईंना भेटावे. पुण्या-मुंबईची वाट धरायची, तर राहायची सोय आधी पक्की करावी.

मुलाखतीला फार घाबरू नका. तुम्ही कागदावर जे लिहिले, त्यावरच विचारतात. बाळंतिणीला एकाएकी फार रक्त जाऊ लागले, तर पहिल्यांदा काय कराल? पुस्तकातली व्याख्या म्हणू लागू नका. कामाचा क्रम सांगा: मदतीला हाक मारीन, डॉक्टरांना कळवीन, पोटावरून गर्भाशय चाचपून चोळीन, नाडी आणि रक्तदाब पाहीन, शिरेत सुई लावून ठेवीन आणि डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे औषध देईन. एखादी गोष्ट येत नसेल, तर 'हे मला शिकावे लागेल' एवढे म्हणावे.

आणि तुम्हीही विचारा. पगार किती, किती तारखेला. पाळी किती तासांची. महिन्याला रात्रपाळ्या किती. आठवड्याची सुट्टी आहे का. हे ठरले, की नेमणुकीचे पत्र मागा. तोंडी नेमणूक झाली, तर पुढे अनुभवाचा दाखला मिळताना अडचण येते, आणि दुसऱ्या नोकरीच्या वेळी तोच दाखला लागतो.

दोन गोष्टी मात्र कधी करू नयेत. नोकरीसाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. 'साहेबांपर्यंत पोचवतो' म्हणणाऱ्याचे साहेब आपल्याला कधी भेटत नाहीत. आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवायला देऊ नयेत. तपासायला दाखवावीत, प्रती द्याव्यात, मूळ कागद त्याच दिवशी घरी आणावेत. काही ठिकाणी मुलगी सोडून जाऊ नये म्हणून कागद अडकवून ठेवतात. मग चांगली जागा समोर येते आणि हाती कागद नसतो. औषधनिर्मात्या मुलांसाठी यातच एक पोटकलम आहे. आपले नोंदणीपत्र भाड्याने देऊन दुसऱ्याच्या दुकानात टांगू नका. दुकानात तुम्ही नसताना चुकीचे औषध दिले गेले, तरी भिंतीवर नाव तुमचेच असते.

आता गुरुजींसाठी, बाईंसाठी दोन शब्द. तुम्ही म्हणाल, या साऱ्यात प्राथमिक शाळेच्या शिक्षकाचा काय संबंध? संबंध अगदी पहिल्या पानाचा आहे. सहा वर्षांचे मूल शाळेत येते, तेव्हा तुम्ही त्याचे नाव आणि जन्मतारीख रजिस्टरात लिहिता. पंधरा वर्षांनी तेच नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून गुणपत्रिकेवर, तेथून परिषदेच्या नोंदणीवर आणि नेमणुकीच्या पत्रावर जाते. एका अक्षराचा फरक पडला, म्हणजे मुलीला कचेऱ्यांच्या खेपा. लग्नानंतर नाव बदलले, तर राजपत्रात नोंद करून ती सगळीकडे दाखवावी लागते. म्हणून नाव लिहिताना आईबापांना दोनदा विचारा, आणि दहावीच्या मुलामुलींचे आधारकार्ड आणि शाळेतले नाव एकदा शेजारी ठेवून पाहा. वर्गात अर्ज लिहायला शिकवता, तेव्हा सुट्टीच्या अर्जाबरोबर एक नोकरीचाही अर्ज लिहून घ्या. 'स्वतःला काय काय करता येते, ते दहा ओळींत लिहा' असे सांगितले, तर मुले प्रथम गोंधळतील. मग एखादी लिहील, 'मला म्हशीची धार काढता येते, आजीला वेळेवर गोळ्या देता येतात.' तिला शाबासकी द्या. अर्ज असाच लिहितात.

आईवडिलांनाही एक विनंती आहे. मुलीला परिचारिका करायचे आणि रात्रपाळी नको म्हणायचे, हे जमणार नाही. रुग्ण रात्रीही आजारीच असतो. रात्रपाळीची सोय कशी आहे, गाडी आहे की राहायची खोली आहे, ते जरूर पाहा. स्वतः एकदा जाऊन मेट्रनबाईंना भेटा. पण पाहून झाले, की मुलीला जाऊ द्या.

तेव्हा, नायगावच्या, नरसीच्या, कुंटूरच्या, बरबड्याच्या मुलामुलींनो, आज घरी गेल्यावर केसबुक काढा. एक कोरा कागद घ्या. झेरॉक्सच्या दुकानाकडे उद्या जाता येईल. आधी आपल्याच अक्षरात लिहा, की या हातांनी आजवर काय केले. आकडा लहान असेल, तर लहानच लिहा. तो वाढायला सारी नोकरी पुढे पडली आहे.